ड्रमवरच्या अकरा ओळी

कपडे धुण्याच्या त्या दुकानात तिला तोंडावर सगळे ‘काकू’ म्हणत आणि पाठीमागे ‘फौजदारीण’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. इस्त्री करणाऱ्याची मान खाली असते, आणि मान खाली घातलेल्या माणसासमोर लोक वाट्टेल ते बोलून जातात, हे ती सोळा वर्षांत शिकली होती.

संशय तिच्या रक्तातच होता. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची आणि अर्धा जिना उतरून चौथ्यांदा परत यायची. वजनकाट्याच्या ताटलीखाली बोट फिरवल्याशिवाय कांदे घ्यायची नाही. तिचा नवरा हयात होता तेव्हा सांगायचा, “हिने लग्नाच्या कागदावर सही करण्याआधी पेन दुसऱ्या कागदावर चालवून पाहिलं होतं!” लोक हसायचे. ती हसायची नाही. पेन खरंच अडखळत होतं.

पण याच स्वभावामुळे तिच्या हातून सोळा वर्षांत एकही कोट जळला नव्हता. प्रत्येक कापडाचं ती आधी ऐकून घ्यायची, म्हणजे आतल्या शिवणीवर इस्त्रीचं टोक टेकवून बघायची, आणि मगच पुढे जायची. गिऱ्हाइकाने ‘शुद्ध रेशीम’ सांगितलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. बहुतेक वेळा तिचंच खरं ठरायचं.

दुकान लांबट होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे काउंटर, मधे इस्त्रीची तीन टेबलं, आणि पडद्यामागे यंत्राची खोली. तिथे कपडे पाण्याने न धुता एका उग्र वासाच्या द्रवाने धुतले जात. दुकानातले लोक त्याला ‘औषध’ म्हणत. ते निळ्या ड्रममधून यायचं. यंत्र चालवणारा माणूस एकच, त्याला सगळे मशीनवालाच म्हणत. कामापुरतं बोलणारा, हातांना सतत भेगा पडलेला. त्याच खोलीच्या कोपऱ्यात मालकाचं टेबल होतं, आणि टेबलामागे एक खिडकी.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा लोकरीचा ओव्हरकोट नाहीसा झाला. तो कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण मालकाच्या मनाने घेतलं की तो मागच्या खिडकीतूनच बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीच्या दोन्ही झडपांना खिळे ठोकले. काकूला ते अगदी पटलं. खिळे तिनेच एकेक करून त्याच्या हातात दिले.

त्याच महिन्यात तिच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिन्यातले आठ दिवस घरी, बाकी रस्त्यावर. त्यामुळे घरात उरल्या सासू आणि सून. सून बेकरीच्या काउंटरवर कामाला जायची, सोमवारी तिची आणि काकूची दोघींचीही सुट्टी. सोमवारी सून माहेरी जायची.

आणि त्याच महिन्यापासून काकूचं डोकं दुखायला लागलं.

दुपारी तीनच्या सुमाराला कपाळ जड व्हायचं. डोळ्यांपुढे मुंग्या धावायच्या. संध्याकाळी घरी परतताना जिन्याची पायरी पायाखालून निसटल्यासारखी व्हायची. एकदा तर ती कठड्याला धरून तिथेच बसली. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. काकूने हिशोब मांडला: आधी नव्हतं ते दुखणं आता आहे, आणि आधी नव्हती ती बाई आता घरात आहे. सकाळचा चहा सून करते. सोमवारी सून नसते, चहा माझा मी करते, आणि सोमवारी डोकं दुखत नाही. यापरता कसला पुरावा हवा?

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सुनेने चहा ठेवला की “निवू दे जरा” म्हणायची आणि ती पाठ वळवून वेणी घालायला लागली की कप मोरीत ओतायची. असे तीन महिने गेले. डोकं दुखायचं थांबलं नाही. मग तिला डब्याचा संशय आला. तिने डबा स्वतः भरायला सुरुवात केली. तरी तीन वाजले की कपाळ जड. आता मात्र फौजदारीण पेचात पडली. आरोपी घरात आणि गुन्हा दुकानात, असं कसं होईल? तरीही तिने सुनेला मोकळं केलं नाही. संशयितांच्या यादीतून नाव काढणं हे तिला पटकन जमत नसे. तिने फक्त यादी वाढवली.

एक दिवस नवा ड्रम आला. काकू कपड्यांचा गठ्ठा द्यायला पडद्यामागे गेली होती. मालक ड्रमसमोर वाकून उभा होता. ड्रमवर लाल चौकटीचं मोठं लेबल होतं, त्यावर उद्गारचिन्ह, आणि खाली बारीक इंग्रजी. मालक त्यावरून अंगठा फिरवत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग त्याने दोन्ही हातांनी ड्रम गर्रकन फिरवला. लेबल भिंतीकडे गेलं.

“काय लिहिलंय हो, मालक?” काकूने विचारलं.

तो दचकला. “काही नाही. झाकण घट्ट लावा म्हणून लिहिलंय.”

काकू आपल्या टेबलाशी परत आली. पण तिने जाता जाता ओळी मोजल्या होत्या. अकरा होत्या. झाकण लावा म्हणायला अकरा ओळी कशाला लागतात? आणि एवढीशी गोष्ट असेल, तर ती भिंतीला का दाखवायची?

काकू सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला जुळवता यायची, पण जुळवून झाल्यावर हाती काही लागायचं नाही. तिने एक युक्ती केली. कपड्यांना टाचायच्या कागदी चिठ्ठ्या तिच्या एप्रनच्या खिशात असायच्याच. रोज पडद्यामागे गेली की भिंत आणि ड्रम यांच्या फटीत डोकं घालून एक शब्द पाठ करायची आणि टेबलाशी येऊन चिठ्ठीवर उतरवायची. आठवड्यात सहा चिठ्ठ्या झाल्या. पण वाचून घ्यायच्या कुणाकडून? मुलाला विचारावं तर तो बायकोला सांगेल. सुनेला विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्टबाई एकट्या राहायच्या. विम्याच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या. त्या कुणाकडे जात नसत, कुणी त्यांच्याकडे जात नसे. काकूने दार वाजवलं. दार साखळीपुरतं उघडलं.

“काय हवंय?”

“इंग्रजी शिकायचंय.”

“या वयात? कशासाठी?”

“शब्द वाचायला.”

“कुणाचे शब्द?” फटीतून चष्म्याची एक काच काकूला न्याहाळत होती. “माझी पत्रं खाली उघड्या पेटीत पडलेली असतात. ती वाचायला?”

“तुम्हाला पत्रं येतात तरी किती?”

हे बोलून गेल्यावर काकूने जीभ चावली. “महिन्याला एक,” टायपिस्टबाई म्हणाल्या, आणि साखळी निघाली.

ठरलं असं: एका धड्याला दोन कपडे इस्त्री करून द्यायचे. पहिल्या दिवशी बाईंनी परत आलेली कॉलर दिव्याजवळ धरून दोन्ही बाजूंनी तपासली, शिवणसुद्धा उलटून पाहिली. काकूला त्यांच्याबद्दल आदर वाटला. ही बाई फसणाऱ्यातली नव्हती.

मग काकूने चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. टायपिस्टबाईंनी त्या इकडून तिकडे सरकवल्या. “हे तुम्हाला कुठे मिळालं?”

“ते नंतर सांगते. आधी अर्थ सांगा.”

“अर्थ असा सुट्ट्या शब्दांचा नसतो. यांची रचना असते.” त्यांनी पाठीमागच्या कपाटातून कोरा कागद काढला. “ही नुकसानीची भाषा आहे. ही मला झोपेत येते. चौतीस वर्षं मी एकच पत्र टाइप केलं, फक्त वरचं नाव बदलायचं. ‘आगीमुळे नुकसान झालं’ असं लिहिलं की कंपनी अडकायची. ‘आगीमुळे नुकसान झालेलं असू शकेल’ लिहिलं की सुटायची. सगळी कसरत क्रियापदाची.”

त्यांनी कागदावर पहिला शब्द लिहिला: कॉज. “याच्या पुढे काय झालं ते येतं. दुखणं, आग, अपघात. आणि हा दुसरा, डॅमेज. याच्या पुढे कुणाला झालं ते येतं. डोळे, फुप्फुस, भिंत.”

काकू विचार करून म्हणाली, “म्हणजे एकापुढे गुन्हा आणि एकापुढे मयत.”

टायपिस्टबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “असं म्हणा हवं तर.”

दुसऱ्या धड्याला ‘मे’ आला. बाईंनी समजावलं, “यू मे गो, म्हणजे तुम्ही जाऊ शकता. जायची परवानगी आहे.” काकूने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. मग बाईंनी चिठ्ठ्या जुळवून वाचलं, “मे कॉज डिझीनेस. डिझीनेस म्हणजे चक्कर.”

काकू ताठ झाली. “म्हणजे चक्कर आणायची परवानगी दिलीय? कुणी दिली? सरकारने?”

टायपिस्टबाईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि शेवटी त्या इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरून कागदावर पडला. डोळे पुसत त्यांनी सांगितलं की हा ‘मे’ वेगळा. हा परवानगीचा नाही, शक्यतेचा. मग त्यांनी एकाखाली एक शब्द लिहिले. सगळ्यात वर ‘कॉजेस’: करतंच. त्याखाली ‘इज लाइकली टू कॉज’: बहुतेक करेल. मग ‘कॅन’: करू शकतं, ती ताकद त्याच्यात आहे. मग ‘मे’: करेलही. आणि तळाशी ‘माइट’, ‘कुड’: करेल, न करेल, आम्हाला विचारू नका. “आणि या सगळ्यांच्या पुढे क्रियापद साधं येतं. ‘मे कॉज’. त्याला शेपूट लावायचं नाही.”

“आणि हा?” काकूने एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. तो शब्द तिने दोन दिवस खर्चून उतरवला होता, तरी एक अक्षर गळलं होतं.

“सस्पेक्टेड. संशय आहे. याच्या पुढे ‘ऑफ’ येतं आणि मग ‘कॉजिंग’. अमुक घडवत असल्याचा संशय.”

“काय घडवत असल्याचा?”

“ती चिठ्ठी तुम्ही आणलेली नाही.”

संशय हा शब्द सरकारी, छापील, लाल चौकटीत असू शकतो हे तिला माहीतच नव्हतं. तो आपल्यासारख्या बायकांच्या जिभेवरच असतो असं तिला आजवर वाटलं होतं.

“कुणाचा संशय?” तिने विचारलं.

“ते लिहीत नाहीत,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “कधीच लिहीत नाहीत.”

त्या आठवड्यात एक ड्रम रिकामा झाला. रिकामे ड्रम मागच्या दाराशी ठेवत, पुरवणारा माणूस येऊन घेऊन जाई. काकूने वाफेच्या इस्त्रीचा एक झोत लेबलावर मारला. डिंक सैल झाला, लेबल सालीसारखं निघून आलं. तिने घडी करून ते एप्रनखाली खोचलं आणि संध्याकाळी टायपिस्टबाईंच्या टेबलावर पसरलं.

बाईंनी प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून वाचलं, आणि नंतर काकूकडून वाचून घेतलं. त्वचेची जळजळ: इथे ‘कॉजेस’ होतं, म्हणजे करतंच. गुंगी किंवा चक्कर: ‘मे कॉज’. दीर्घकाळ श्वासातून गेल्यास यकृताला इजा: ‘मे डॅमेज’. ‘सस्पेक्टेड ऑफ कॉजिंग’च्या पुढे जो शब्द होता तो टायपिस्टबाईंनी हळू आवाजात उच्चारला, तो मराठीतही तसाच म्हणतात, त्यामुळे त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. आणि शेवटून दुसरी ओळ: हवा खेळती असेल अशाच जागी वापरावे.

झाकणाबद्दल एक ओळ होती. अकरातली एक.

काकूच्या डोळ्यांसमोर खिडकी आली. मग खिळे. मग ते खिळे एकेक करून देणारा स्वतःचा हात.

“मालकाला सगळं माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणूनच त्याने ड्रम फिरवला.”

“मे हॅव नोन,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “माहीत असेलही. त्याच्यावर चढू नका लगेच.”

पण काकू मालकाशी काही बोलण्याआधीच दुकानात वेगळंच घडलं. ड्रम न्यायला आलेल्या माणसाने तक्रार केली की लेबल फाडलेला ड्रम तो घेणार नाही. मालक मागे गेला, ड्रमभोवती दोनदा फिरला, आणि त्याच्याही डोक्यात संशयाचा किडा वळवळला: लेबल कुणीतरी मुद्दाम काढलंय, कुठेतरी तक्रार करायची आहे. मागच्या दाराशी दिवसभर कोण असतं? मशीनवाला. मागच्या महिन्यात हातमोजे कुणी मागितले होते? मशीनवाल्यानेच. बुधवारी दुपारी काकूने पडद्याआडून ऐकलं.

“शनिवारनंतर येऊ नकोस.”

“मी काय केलं?”

“ते तुला माहीत आहे.”

यंत्राचं दार बंद झाल्याचा आवाज आला, एवढंच.

काकूने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तिने नाही सांगितलं. तिला वाटलं, हा सापळा असेल. खरा चोर बोलता व्हावा म्हणून मालकाने पडद्याजवळ मुद्दाम आवाज चढवला असेल. बुधवारची दुपार अशी गेली, गुरुवार सगळा गेला. गुरुवारी संध्याकाळी एका राखी कोटाच्या बाहीवर इस्त्री ठेवून ती मशीनवाल्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली, आणि वास आला तेव्हा बाहीवर तपकिरी डाग उठला होता. सोळा वर्षांतला पहिला. इतर दोन टेबलांवरच्या बायका आ वासून पाहत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी ती पडद्यामागे गेली आणि लेबल मालकाच्या टेबलावर ठेवलं.

“हे मी काढलं. त्याला घालवू नका.”

मालक लेबलाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. “तुम्ही? काकू, तुम्ही? आणि कशाला?”

“वाचायला.”

“तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?”

“तुम्हाला येतं ना? मग तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा, त्यालाही ऐकू दे.”

मशीनवाला यंत्र थांबवून उभा होता. मालकाने लेबल उचललं. त्याचे ओठ हलले. तेच हलणं काकूने त्या दिवशी पाहिलं होतं. आवाज काही फुटला नाही. त्याने कागद थोडा लांब धरला, मग जवळ आणला. “चष्मा कुठे ठेवला...”

“चष्मा डोळ्यांवर आहे, मालक.”

मालकाने कागद खाली ठेवला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मला येत नाही,” तो म्हणाला. “बिलावरचे आकडे आणि गिऱ्हाइकांची नावं, एवढंच येतं. दुकान वडिलांनी चालवलं, मग माझ्याकडे आलं. ड्रम देणाऱ्याला मी विचारलं होतं काय लिहिलंय. तो म्हणाला, काही नाही, सगळ्या ड्रमवर असतंच, झाकण घट्ट लावत जा.”

“मग लेबल भिंतीकडे का केलंत?”

“तोटी पुढे यायला नको? तोटी उलट्या बाजूला असते.”

काकूने ड्रमकडे पाहिलं. तोटी खरंच उलट्या बाजूला होती. इतके आठवडे ती ड्रम आणि भिंत यांच्या फटीत डोकं घालत होती, पण तोटीकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं.

मग तिने वाचलं. ओळीवर बोट ठेवून, थांबत थांबत, आधी इंग्रजी आणि मग अर्थ. ‘कॉजेस’ आलं तेव्हा ती म्हणाली, “इथे ‘मे’ नाही. हे नक्की करतं.” मशीनवाल्याने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. “बायको रोज तेल लावते,” तो म्हणाला. “म्हणते साबण बदल.” चकरेची ओळ झाली, यकृताची झाली. खेळत्या हवेच्या ओळीला मालकाची नजर आपोआप टेबलामागच्या खिडकीकडे वळली. त्या खोलीत दिवसाचे दहा तास कुणी बसत असेल तर तोच.

मालकाला तिचं वाचन पुरतं पटलं असं नाही. शिकवणारी कोण, तिला काय कळतं, असे प्रश्न निघाले. म्हणून शनिवारी टायपिस्टबाई आल्या. कित्येक महिन्यांत प्रथमच त्या इमारतीबाहेर पडल्या होत्या आणि इस्त्री केलेला गडद ड्रेस घालून, साक्षीला उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं वाचलं. काकूचा एक उच्चार चुकला होता, अर्थ एकही नाही. जाताना त्या मालकाला म्हणाल्या, “आमच्या कचेरीत ‘मे’ आम्ही स्वतःला वाचवायला लिहायचो. इथे तो तुम्हाला वाचवायला लिहिलाय. फरक समजून घ्या.”

मशीनवाल्याने पक्कड आणून खिळे उपसले. झडप उघडली तेव्हा दोन वर्षांची धूळ मालकाच्या टेबलावर पडली आणि मागच्या गल्लीतला गार वारा आत शिरला. आठवड्याभरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसला, हातमोजे आले. काकूची तीन वाजताची दुपार आता नुसतीच दुपार राहिली. कपाळ हलकं राहू लागलं.

मशीनवाला राहिला, पण मनाने नाही. एकदा कपडे देताना तो काकूला म्हणाला, “मालकाने मला विचारलं नाही, ठरवून टाकलं. ते एक झालं. पण तुम्ही दीड दिवस गप्प बसलात.” दोन महिन्यांनी तो दुसरीकडे लागला. जायच्या दिवशी त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. काकूच्या टेबलापाशी तो थांबला, “येतो” म्हणाला आणि गेला. नाव ठेवावं असं काही नव्हतं त्यात, पण काकूला ते बोचत राहिलं.

घरचं प्रकरण त्याहून अवघड होतं. डोकं दुखायचं थांबलं ते खिडकी उघडल्यावर; चहाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आता यादीतून नाव काढण्यावाचून इलाज नव्हता. पण जिला आपण आरोपी केलं हे तिला ठाऊकच नाही, तिची माफी कशी मागायची? काकूने चार दिवस शब्द जुळवले. शेवटी एका सकाळी सून गॅसपाशी उभी असताना ती एका दमात बोलून गेली: डोकं, सोमवार, चहा, मोरी, ड्रम, सगळं.

सून पाठमोरी होती. तिने भांडं खाली उतरवलं. “मला माहीत होतं, आई.”

“काय माहीत होतं?”

“मोरीला रोज चहाचा वास यायचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? मी त्यात काही घालत नाही, असं? न विचारता असं कोण सांगतं? सांगितलं असतं तर तुमचा संशय पक्काच झाला असता.” ती वळली. तिचे डोळे कोरडे होते, आवाजही. “मध्ये मी तुमच्या कपातला एक घोट तुमच्यादेखत आधी प्यायला लागले होते. आठवतं?”

काकूला आठवलं. तेव्हा ती मनात म्हणाली होती, बघा, आता मला उष्टा कप देते.

“मला वाटलं...” काकू थांबली.

“काय वाटलं ते नका सांगू,” सून म्हणाली. “तेवढं राहू द्या.”

त्या सकाळी चहा काकूने केला. साखर जास्त झाली होती. दोघींनी तरीही संपवला. त्यानंतर सगळं एकदम गोड झालं असं नाही. सून आधीसारखीच कमी बोलायची, आणि काकू आधीसारखीच कुलूप ओढून बघायची. पण सोमवारी सुनेने माहेरी जायचं अधूनमधून टाळलं, आणि एकदा बेकरीत आलेली मुंग्या मारायची पावडर घरी आणून म्हणाली, “यावर काय लिहिलंय ते वाचा बरं आधी.” काकूने चष्मा लावला.

मालकाची तब्येत पुढे बिघडली. रक्त तपासलं तेव्हा यकृताचं दुखणं निघालं. ड्रममधल्या ‘औषधा’मुळे की आणखी कशामुळे, कुणी सांगू शकलं नाही. त्याने यंत्राच्या खोलीतून टेबल हलवून पुढे काउंटरपाशी आणलं आणि काकूला आणि इतर दोघींना तपासून यायला सांगितलं.

काकू गेली. सून बरोबर आली. तिने त्या दिवशी बेकरीतून सुट्टी घेतली होती. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने अहवालावर नजर टाकली. “ठीक आहे. काळजीचं काही नाही.”

“बघू,” काकू म्हणाली आणि कागद त्याच्या हातातून घेतला. आकडे तिला कळत नव्हते. तळाशी एक वाक्य होतं, ते तिने बोट ठेवून वाचलं. “कॅनॉट बी रूल्ड आउट.” डॉक्टरने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“हे काय आहे? हे मला शिकवलेल्यातलं नाही.”

“म्हणजे,” तो खुर्चीत मागे टेकला, “त्या रसायनामुळे थोडी इजा झालीच नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.”

“झाली असं सांगता येतं?”

“तेही नाही.”

“म्हणजे लिहिणाऱ्याला संशय आहे.”

डॉक्टर जरा घुटमळला. “तसं म्हणता येईल.”

“पुन्हा कधी येऊ?”

“सहा महिन्यांनी या.”

“तीन महिन्यांनी येते,” काकू म्हणाली आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

बाहेर बाकावरून सून उठली. “काय म्हणाले?”

“नक्की काही नाही.”

“म्हणजे चांगलं ना?”

“म्हणजे नक्की काही नाही,” काकू म्हणाली. समोर सहा-सात पायऱ्या उतरायच्या होत्या, आणि पायऱ्या ओल्या होत्या. सुनेने तिचा कोपर धरला. काकूने पाऊल टाकण्याआधी पहिली पायरी चपलेच्या टोकाने चाचपून पाहिली, मग दोघी उतरू लागल्या.